वरून ओतलेलं पाणी

आत्यानं हात मागे घेतले. एवढंच झालं खरं तर. कुणी ओरडलं नाही, भांडं पडलं नाही, बाहेरची रिपरिप चालूच होती आणि मागच्या शेडमध्ये खिचडीच्या पातेल्यावर कुणीतरी झाकण आपटलं. माझी मैत्रीण चिकोंदी आमच्या बुद्धविहारातल्या सतरंजीवर गुडघे टेकून बसली होती, समोर पाटावर आत्या, मध्ये परात, हातात स्टीलचा जग, मान खाली. धार निघाली आणि जिथं आत्याचे हात असायला हवे होते तिथून सरळ परातीत पडली. आत्याचे हात पदराखाली गेले होते. मी साबणाची वडी घेऊन शेजारी उभी होते, नवरीच्या करवलीसारखी हसऱ्या तोंडानं, आणि ते हसू मला लगेच काढताही येईना. आत्याच्या शेजारच्या बाईनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि तिचेही हात पदराखाली गेले. मग तिच्या शेजारणीचे. आमच्या विहारात कलावतीबाईंनी, म्हणजे आत्यानं, जे केलं ते पंगतीच्या शेवटापर्यंत पोचतंच. दर वंदनेला त्या उठल्या की सगळ्या उठतात, त्या बसल्या की सगळ्या बसतात. मोतीराम काका विहार समितीचे अध्यक्ष आहेत, पण ते कागदावर. आत्या उठली आणि मागच्या शेडकडे निघून गेली.

आणि मी किती खुशीत होते! नाल्याचं पाणी आमच्या वस्तीत, महाराजपुरात शिरलं तेव्हापासून मी जमिनीवर नव्हतेच. पूर वाईट, लोकांच्या गाद्या, पंखे, पोरांची दप्तरं सगळं काळ्या पाण्यात तरंगत होतं, आमच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ होता, आणि तरीही मला आनंद होत होता, लाज वाटावी इतका. कारण आमचा विहार उंचावर आहे. उंचावर म्हणजे काय, मुरमाड टेकाडावरची ती जागा कुणालाच नको होती म्हणून आमच्या लोकांना मिळाली. आता तीच कोरडी राहिली. मोतीराम काकांनी दोन्ही दारं उघडली आणि समोरच्या कॉलनीतले लोक आत आले. दुबे आंटी आल्या! माझ्या उभ्या आयुष्यात ही बाई आमच्या फाटकाशी एकदाच आली होती, भीमजयंतीचा लाऊडस्पीकर बंद करा म्हणून सांगायला, आणि आता ती बाबासाहेबांच्या फोटोखाली कुत्र्याला कुशीत घेऊन घोरत होती. मला ते बघून टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. सिविल लाइंसमधल्या आमच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात वादविवाद स्पर्धा होती, विषय आपत्ती आणि समता, आणि मी ताडपत्री बांधताना, तांदळाची पोती उचलताना, बादल्या वाहताना मनात भाषण करत होते. आपत्ती ही समतेची पहिली शाळा आहे. हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी शिडीवर होते आणि आनंदानं पडता पडता वाचले. दुबे आंटी आमच्या पातेल्यातलं काही खात नव्हत्या, सावनचं व्रत आहे म्हणून केळी खात होत्या, पण माझ्या भाषणात व्रतासाठी जागा नव्हती.

आणि चिकोंदी! ती तर माझ्या भाषणाचा कळसच. मलावी हा देश नकाशात कुठे असतो हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, एका लांबट तळ्याला टेकून आहे. तिथून ही मुलगी आधारतालकडच्या कृषी विद्यापीठात शिकायला आली. आमची ओळख सदर बाजारात चाटच्या गाडीवर झाली. एका पोरानं न विचारता तिच्या वेण्यांजवळ मोबाइल नेऊन फोटो काढला, दुसऱ्यानं वेणीला बोट लावून बघितलं, आणि मी मध्ये पडले. भैया, डिलीट करो, अभी करो, मेरे सामने करो. माझा आवाज चढत गेला, लोक जमले, पोरानं फोटो पुसला, आणि ही बाई शांतपणे पाणीपुरीचा द्रोण धरून उभी. “तुम बहुत लड़ती है,” ती म्हणाली. “मैं भूखी है. पहले खाते.” तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. तिच्याबरोबर फिरताना मला एक गोष्ट सतत दिसायची. तिला कुणी नाव विचारत नाही. बघितलं की झालं, लोकांचं ठरून जातं. आम्हाला मात्र आधी नाव विचारतात, मग पूरा नाम क्या है विचारतात, आणि आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी किंचित सरकतं. तिचं उन्हात, आमचं सावलीत, पण वस्तू एकच, असं मी मनात लिहून ठेवलं होतं. माझ्या मनात फार लिहिलेलं असतं.

हात धुवायची कल्पना तिची. तिच्या देशात मोठं चक्रीवादळ आलं होतं तेव्हा ती एका शाळेतल्या छावणीत राहिली होती, मदत घेणाऱ्यांच्या रांगेत. तिथं पूर्वीपासून जेवणाआधी एकाच परातीत सगळे हात धुवायचे, त्यात प्रेम असायचं. छावणीत त्याच परातीतून पटकी पसरली. तिच्या मावशीचा मुलगा वाऱ्यातून वाचला, पाण्यातून वाचला, आणि मग जुलाबांनी गेला. मग नर्सबाई आल्या आणि त्यांनी शिकवलं: बुडवायचे नाहीत, ओतायचं. धाकट्यानं गुडघ्यांवर बसायचं, मोठ्यांच्या हातांवर धार धरायची, मळलेलं पाणी खाली जाऊ द्यायचं. हे तिनं मला तुटक्या हिंदीत सांगितलं ते आज सकाळी, कारण पायलला पहाटेपासून जुलाब होत होते. पायल म्हणजे आत्याची नात, सहा वर्षांची, ओआरएस पिऊन कोपऱ्यात निपचित पडलेली. समोरच्या कॉलनीतल्या दोन पोरांचंही पोट बिघडलं होतं, आणि नळ बंद, टँकरचं पाणी तेवढं. चिकोंदी म्हणाली, आज नहीं किया तो कल बहुत बच्चे. मी लगेच पेटले. परात मी शोधली, जग मी घासला, सुरुवात आत्यापासून करू हे मीच ठरवलं. ती सगळ्यांत मोठी, तिनं हात पुढे केले की सगळी पंगत करील. आणि आत्यानं हात मागे घेतले.

मी तिच्या मागे शेडकडे निघाले. मला राग आला होता, असा राग जो अंगात चढताना बरा वाटतो. कारण ही तीच आत्या, जिनं मला भूकंपाची गोष्ट सांगितली. सत्त्याण्णव सालचा मे महिना, पहाटे जमीन हलली, लोक उघड्यावर झोपायला लागले, आणि मदतीचा ट्रक आला. आमच्या वस्तीपाशी तो थांबला नाही, हळू झाला फक्त, आणि वरून ब्रेडची पॅकेटं फेकली. एक आत्याच्या खांद्याला लागून नालीत पडलं. पुढे सदरकडच्या मैदानावर खिचडी वाटत होते तिथं वाढणाऱ्यानं तिला वस्ती विचारली आणि पळी हातभर वर नेली, ताटाला लागू नये म्हणून. खिचडी वरून पडली की ताटात राहत नाही, अंगावर उडते. ही गोष्ट ती दर वर्षी सांगायची, महिला मंडळात, माझ्या वाढदिवसाला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. मला ती पाठ होती, तिच्या थांबायच्या जागांसकट. माझ्या भाषणाच्या शेवटी मी तीच सांगणार होते. आणि त्याच बाईनं, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, एका परदेशी मुलीसमोरून, तिच्या रंगावरून हात काढून घेतले. मागे वळून बघायची मला हिंमत होईना, कारण चिकोंदी अजून गुडघ्यांवरच असणार हे मला माहीत होतं.

आत्या खिचडी ढवळत होती. ढवळायची काही गरज नव्हती, गॅस बंद होता.

“आत्या, ये क्या कर रही है तू? सबके सामने?”

“माहे हात साफ हायेत.”

“हाताचं कोण बोलून राहिलं? भूकंपाची गोष्ट तूच सांगते ना दरसाल? ते फेकून राहिले होते, पळी वर करून राहिले होते, अन् आज तू काय केलं? ती काळी आहे म्हणून!”

“हळू बोल. पायल आत्ता झोपली.”

“पायलसाठीच करून राहिलो ना आम्ही! बायांनी हात नाही धुतले तर उद्या आणखी पोरं पडतील. तू नाही म्हटलं की सगळ्या नाही म्हणतात, माहीत आहे ना तुला?”

आत्यानं पळी बाजूला ठेवली. पळीला चिकटलेली खिचडी तिनं बोटानं पुसली आणि पातेल्याच्या काठाला लावली, सवयीनं. मग म्हणाली, “तिनं वरून ओतलं.”

“काय?”

“पाणी. वरून ओतलं तिनं माह्या हातावर.”

मला काही कळेना, आणि कळत नाही याचाही राग आला. अरे, पाणी वरूनच ओततात, खालून कसं ओतणार? मी तसं म्हटलंही बहुतेक. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. शेडच्या पत्र्यावरून पाण्याची धार खाली गाळात पडत होती, तिच्याकडे बघत होती.

“माही माय भंडाऱ्याकडच्या गावची,” ती म्हणाली. “तिथं विहिरीले हात नाही लावू देत. तहान लागली का बसावं लागे खाली, विहिरीपासून दूर, ओंजळ करून. मंग कोणी आलं, कोणाले दया आली, तर वरून ओते. इतक्या वरून का अर्धं ओंजळीत, अर्धं लुगड्यावर. मी बाजूले उभी. मलेबी मायनं पाजलं तिच्या त्याच ओंजळीतून, मले तहान लागली होती, मी घटाघटा पेली. घरी येऊन मायनं मले जवळ घेतलं अन् म्हणे, कलावती, तू मोठी झाली का वरून पाणी घेजो नोको कोणाचं. मरून जाजो, पण घेजो नोको.” ती थांबली. “नाही घेतलं मी. भूकंपात नाही घेतलं. दवाखान्यात नर्स ओतून राहिली होती तोंडात, तर मी उठून बसली अन् गिलास हातात घेतला.”

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. भूकंपाची शंभरदा सांगितली होती, ही एकदाही नाही. आणि मला एकदम आठवलं, आमच्या घरात कुणी तांब्या वर धरून पाणी पीत नाही. शेजारी, मैत्रिणी, सगळे बाटली उंच धरून घटघट पितात, मी लहानपणी तसं करून दाखवलं तर आत्यानं हातातून बाटली काढून घेतली होती आणि मला वाटलं होतं, ठसका लागेल म्हणून. माझं सगळं भाषण माझ्या पोटात कुठेतरी घरंगळत गेलं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, मला केवढं हायसं वाटायला लागलं. म्हणजे आत्या तशी नव्हती! म्हणजे ते रंगाचं नव्हतंच! मी जवळजवळ नाचत तिचा दंड धरला.

“म्हणजे रंगाचं काही नव्हतं ना? सांग ना आत्या. नव्हतं ना?”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते, चुलीनं नाही, गॅस तर केव्हाचा बंद होता.

“होतं,” ती म्हणाली. “थोडं तेबी होतं. विहारात उभं राहून खोटं काहून बोलू? मी तेच इचारून राहिली होती सोताले, तू आली तवा. एखादी गोरी पोरगी तिकडून आली असती, अशीच बसली असती, तर म्या हात मागं घेतले असते का? का म्हटलं असतं, अरे व्वा, मॅडम धुवून राहिल्या?” तिनं पदरानं नाक पुसलं. “मले उत्तर आवडलं नाही.”

रंग आणि जात यांच्याबद्दल मी किती बोलले होते, सदरच्या गाडीवर, वर्गात, मनातल्या मंचावर, आणि असं कुणी स्वतःच्या हातांकडे बघून, इतक्या साध्या आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. काहीतरी सुरू होत होतं आणि ते मी सुरू केलेलं नव्हतं.

दारात चिकोंदी उभी होती. जग हातात तसाच. तिचा चेहरा तिनं अगदी सपाट ठेवला होता, जसा ती सदरमध्ये ठेवते.

“मैं गलत किया?”

आता मला सांगायचं होतं, एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत, आणि भाषण येईना. मी तुटक तुटक सांगितलं. इनकी माँ. कुआँ. हाथ नहीं लगाने देते थे. नीचे बैठो, ऊपर से पानी. जात. कास्ट, यू नो. आणि मग मी थांबले, कारण दुसरा अर्धा भाग राहिला होता, आणि मी तो गिळणार होते. आत्याला हिंदी उत्तम येते. ती म्हणाली, “पूरा बता. रंग वाला भी.” मी तेही सांगितलं. चिकोंदी ऐकत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“हाँ,” ती म्हणाली, जणू हे तिला आधीच माहीत होतं. मग हातातल्या जगाकडे बघत, “मेरी माँ भी. कॅम्प में काँगो का औरत खाना दिया, मेरी माँ नहीं खाया. दो दिन. फिर खाया.” आणि मग तिनं जे विचारलं ते मी कधीच विचारलं नसतं. “कितना ऊपर से?”

आत्या समजली. तिनं हात उंचावून दाखवलं, डोक्याच्याही वर, टाचा उचलून. चिकोंदीनं ती उंची बघितली. मग ती खाली बसली, तिथंच शेडच्या ओल्या फरशीवर, आणि जगाची चोच स्वतःच्या तळहाताला जवळजवळ टेकवली. “मैं इतना किया. हमारे यहाँ धोने वाला नीचे बैठता, बड़ा ऊपर. बैठना इज्जत है.”

आत्या तिच्याकडे बघत उभी राहिली. खाली बसलेली, हात वर केलेली ती उंच मुलगी, आणि वरून बघणारी आत्या. मग आत्यानं कपाळावर हात मारला, जोरात, दूध उतू गेल्यावर मारते तसा. “अगं माय. ती तर माह्यापेक्षा खाली बसली होती. खाली मी नव्हती, ती होती. म्या पाह्यलंच नाही.” आणि ती हसली, रडली, दोन्ही एकदम, आणि चिकोंदीला काखेत धरून उठवायला लागली. “उठ बेटा, उठ. गुडघे टेकू नको. इधर कोई नीचे नहीं बैठेगा.”

आतून पायलचा आवाज आला, आजी, पुन्हा लागली. आत्या आत धावली, तिला नेऊन आणलं, आणि परत आली तेव्हा तिनं साबणानं कोपरापर्यंत हात घासून घेतले आणि चिकोंदीच्या हातातला जग सरळ काढून घेतला. “मैं डालूँगी. सबके. पहले तेरे.” पंगत अजून बसलेली होती, हात अजून पदराखाली, मोतीराम काका दारात चुळबूळ करत उभे. आत्यानं सगळ्यांसमोर चिकोंदीचं मनगट डाव्या हातानं धरलं, अगदी घट्ट, पोरांना धुताना धरतात तसं, आणि उजव्या हातानं पाणी सोडलं. सगळा विहार बघत होता. तिनं चिकोंदीची बोटं एकेक करून चोळली, नखांशी जरा जास्त. मग शेजारच्या बाईकडे वळली. “काढ हात. काय लपवून राहिली, सोनं हाय का?” बाई हसली, हात बाहेर आले, मग पुढचीचे. आत्या प्रत्येकीचं मनगट धरायची. धरल्याशिवाय ओतायचीच नाही. मी परात सरकवत मागे मागे, चिकोंदी साबण घेऊन बरोबर, आणि मला इतकं भरून आलं होतं की मी उगाचच सगळ्यांना चलो चलो म्हणत होते.

दुबे आंटी रांगेच्या शेवटी बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे, पहिल्यांदाच पंगतीत बसल्या होत्या, कुत्रा मांडीवर, केळी नाहीत. आत्या त्यांच्यापुढे थांबली. मी आत्याला ओळखते, तिच्या जिभेवर काय काय येऊन गेलं असेल ते मला सगळं ऐकू आलं. पण ती एवढंच म्हणाली, “व्रत छूट गया, दीदी?”

“भूख लगी है, कलावती जी,” दुबे आंटी म्हणाल्या आणि हात पुढे केले. त्यांना वाटलं असणार, न शिवता नुसती धार पडेल. आत्यानं मनगट धरलं. दुबे आंटींच्या हाताला एक झटका बसला, बारीकसा, आत्याला तो नक्की कळला असणार, कारण तिनं पकड सोडली नाही आणि ओतलंही नाही. ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. मग दुबे आंटींचा हात सैल झाला आणि आत्यानं पाणी सोडलं.

खिचडी वाढायची होती. मी पळी उचलायला वाकले, डोक्यात नवी वाक्यं उसळत होती, आधीच्यापेक्षा चांगली, आणि मी मनात मंचावर चढलेही होते, तेवढ्यात आत्यानं हाक मारली.

“एकता. इतकी बोलून राहिली सकाळपासून. तुहे हात दाखव.”

मी हात बघितले. गाळानं भरलेले, नखं काळी, सकाळी ताडपत्री बांधली तेव्हापासून धुतलेलेच नव्हते. सगळ्यांना साबण देत फिरले होते मी. मी हात पुढे केले. आत्यानं माझं मनगट धरलं आणि पाणी वरून यायला लागलं.

“हल नको,” ती म्हणाली.

मी हलले नाही.